डोंगरीवरची मुलाखत

बांबूच्या शेंड्याला मोबाईल बांधून बांबू खडकाच्या फटीत रोवला, तेव्हा कुठे दिव्यानीच्या लॅपटॉपात इंटरनेट उतरलं. सगळ्या गावात रेंजचं एवढंच एक ठिकाण. धानोऱ्याकडच्या जंगलातली ही डोंगरी. वर सपाट खडक, खाली मोहाची झाडं.

आज मुलाखत होती. हैदराबादच्या कंपनीची, गावातच राहून करायची नोकरी. खडकावर बसून पगार मिळतो हे तिच्या आईला, गुणाबाईला, आधी खोटंच वाटलं होतं. आता तिचा सगळा जीव त्यातच अडकला होता. ही नोकरी हुकली की लेक पुण्याला जाणार आणि घरात ती एकटी उरणार, हे ठरलेलं होतं.

"माय, आज हाळी देऊ नको," दिव्यानी म्हणाली. "काई झालं तरी."

मोहफुलं वेचणारी बाई रानात गप्प राहत नाही. थोडी फुलं वेचायची, मग ताठ उभं राहून 'होऽ' अशी लांब हाळी द्यायची. इथे माणूस आहे हे वाघाला आधीच कळलेलं बरं. तोही शहाणा, आपली वाट बदलतो. गुणाबाईची हाळी तर पलीकडच्या गावाला जागं करील अशी. मागच्या, दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत ती थेट हैदराबादला पोचली होती. साहेबांनी विचारलं, कोण ओरडतंय? मग म्हणाले, नंतर कळवतो. नंतर कळवतो म्हणजे काय, ते गुणाबाईला लेकीच्या तोंडाकडे पाहूनच समजलं होतं.

"नाई देत," ती म्हणाली आणि टोपली घेऊन पायथ्याशी उतरली.

तिथून लेक दिसत नव्हती. बांबूचा शेंडा तेवढा दिसे. पण थोड्याच वेळात इंग्रजी बोलणं ऐकू यायला लागलं आणि गुणाबाईचा ऊर भरून आला. तिला त्यातलं 'सर' एवढंच कळत होतं. तरी ती मोठ्या जाणकारासारखी मान डोलावत फुलं वेचू लागली.

पाखरं एकाएकी गप्प झाली.

गुणाबाईने वाकल्या वाकल्याच मान वर केली. समोरच्या झुडपापाशी वाघ उभा होता. तिच्याकडेच बघत होता.

रानातली शिकवण तिला पाठ होती. वाकून राहायचं नाही, पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही. आणि ओरडायचं, जिवाच्या आकांताने ओरडायचं. पहिल्या तीन गोष्टी तिने पाळल्या. सावकाश ताठ उभी राहिली. चौथी गळ्यापर्यंत आली होती.

वर दिव्यानी हसली. "येस सर, येस," असं काहीसं म्हणाली. साहेब खूश दिसतो, गुणाबाईच्या मनात आलं. तिने लुगड्याचा पदर तोंडात कोंबला.

वाघाने एक पाऊल पुढे टाकलं. नजर तिने हलू दिली नाही. मग वाघाने मान उचलली आणि आवाजाच्या रोखाने वर पाहिलं. याने डोंगरीकडे पाऊल टाकलं तर गेली ती नोकरी चुलीत, तिने ठरवलं, मी ओरडणार.

वर इंग्रजी अखंड चाललं होतं. वाघ बराच वेळ ते ऐकत राहिला. मग कंटाळल्यासारखा वळला आणि नाल्याकडे उतरून गेला.

गुणाबाई मटकन खाली बसली. मनात आनंद मावत नव्हता. वाघ समोर होता आणि आपण तोंडातून चकार शब्द काढला नाही. आता नोकरी कुठे जाते?

बोलणं थांबलं. लॅपटॉप छातीशी धरून दिव्यानी खाली आली. आता हिला सांगावं म्हणून गुणाबाईने तोंडातला पदर काढला. पण लेक गळ्यातच पडली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"काऊन रडतं पोरी? झाली ना चांगली?"

"पह्यल्याच सवालाले रेंज गेली, माय. मंग आलीच नाई. तू माह्यासाठी हाळी न देता रानात उभी होती, तुह्या जीवाले लागंल म्हणून मी आतापावतर बंद लॅपटॉपसंगच बोलून राह्यली होती."