मडकं फोडलं की साथ पळते

वरच्या खिडकीतून मडकं फेकून फोडलं की साथ घाबरून गाव सोडते, अशी आवई उठली. उन्हाळाभर नुसती मयतं उचलणारं आमचं आमिद शहर त्या सकाळी मडकी फोडत सुटलं. सासूबाई तर पोरीसारख्या खिदळत होत्या.

"ती तेलाची बरणी दे गं. समोरच्या शिमोनच्या उंबऱ्यावर पडली पाहिजे."

"शिमोन उंबऱ्यातच उभा आहे, आई."

"मग तर लवकर दे."

घरातली सगळी भांडी मातीचीच. बरण्या गेल्या, घागरी गेल्या, ताटल्याही गेल्या. कोपऱ्यात माझा पेला उरला. आम्ही दोघी ख्रिस्तीच, पण मी सम्राटाच्या पंथाची, आणि त्या पंथाचं नाव काढलं तरी सासूबाई थुंकायच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा पेला वेगळा होता आणि माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं. तोही त्यांनी भिरकावला.

संध्याकाळी हसून हसून त्यांच्या घशाला कोरड पडली. पाणी प्यायला घरात एक भांडं नव्हतं. मी अंगणातल्या हौदातून ओंजळ भरून आणली आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थबकले.

"पुढे ये की. सांडतंय सगळं," त्या म्हणाल्या, आणि माझी मनगटं धरून ओंजळीला तोंड लावलं.