सशाचं वाक्य

बाबा अपघातात गेले, पण आईनं लेकीला ‘कामासाठी लांब गेलेत’ एवढंच सांगितलं. तेव्हापासून लेकीनं तोंडच उघडलं नव्हतं. शाळेतल्या बाहुल्यांच्या नाटकात तिनं नुसता ससा हलवायचा, बोलायचं मैत्रिणीनं, असं ठरलं. ऐनवेळी मैत्रीण तापानं फणफणली. “ससा गाळूया,” बाई म्हणाल्या. “नको हो बाई, तेवढ्यासाठीच ती सकाळी उठते!” आई काकुळतीला आली आणि स्वतःच पडद्यामागे लेकीशेजारी बसली. सशाची वाक्यं भराभर वाचत गेली, पण “माझे बाबा कधी येणार?” या वाक्याशी येऊन थांबली. शेजारून घोगरा आवाज आला, “माझे बाबा कधी येणार?” लेक बोलली होती! “येतील हं,” घुबडवाला मुलगा ठरल्याप्रमाणे म्हणाला. ससा खाली ठेवून लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं तिचा चेहरा ओंजळीत धरला. “नाही गं राणी. नाही येणार.”