हं… हो का… बरं

उरणहून आईचा फोन नेमका मीटिंगच्या वेळी यायचा. शेवटी देवेशने पनवेलच्या घरी, जुन्या लॅपटॉपवर, कमांड टाइप केली की ऑडिओ वाजवणारा एक जुनाट प्लेयर इन्स्टॉल केला. त्यासाठी स्वयंपाकघरात बसून स्वतःच्याच आवाजात "हं… हो का… बरं" रेकॉर्ड करून ठेवलं. फोन आला की स्पीकरवर टाकून लॅपटॉपजवळ ठेवायचा, कमांड द्यायची आणि आपण दुसऱ्या खोलीत मीटिंगला बसायचं. मन खायचं, पण आई मनसोक्त बोलायची.

काल लॅपटॉप सुरूच होईना, म्हणून तो स्वतः बोलला. त्याने "हो का" म्हणताच आई बोलता बोलता थांबली.



"रोज तुझ्या 'हो का'मागे कुकरची शिट्टी होते, आज नाही झाली," ती म्हणाली. "आज तूच आहेस ना रे?"