बिल्लेवाले मास्तर

निवृत्त चित्रकला मास्तरांना सरहद्द राखणाऱ्या पलटणींच्या बिल्ल्यांचं भारी वेड. त्यावर पुस्तकच लिहायला घेतलेलं, पण एका पलटणीचे जुने बिल्ले काही केल्या बघायला मिळेनात. अर्ज केला की उत्तर ठरलेलं, "बाहेरच्यांना परवानगी नाही."

शेवटी वैतागून मास्तर त्या पलटणीच्या ठाण्याच्या फाटकासमोर फतकल मारून बसले आणि कमानीवरचा, पलटणीच्या बिल्ल्यातला शिंगाळ बोकड कागदावर उतरवू लागले. पहारेकऱ्याने हेर समजून त्यांना उचललं आणि थेट आतल्या खोलीत नेलं.

खोलीच्या चारही भिंतींवर काचेआड पलटणीचे झाडून सगळे बिल्ले! जबाब लिहायला दिलेल्या कागदांवर मास्तर बिल्लेच काढत सुटले.

अधिकाऱ्याने मास्तरांच्या घरी फोन लावला. पलीकडून बायको कडाडली, "हेर? अहो, हेर असते तर चार पैसे तरी घरात आले असते!"

अधिकाऱ्याची खात्रीच पटली. "मास्तर, तुमच्यावर आमचा काही संशय नाही. निघा आता."

 

मास्तर काकुळतीला आले, "साहेब, अजून एक भिंत राहिलीय हो. तेवढी होईपर्यंत थोडासा संशय असू द्या ना!"