सड्यावरची पावलं

बोळात दोन टोळ्यांची मारामारी पेटली, तशी सगळी दारं लागली. दारापुढं पडलेल्या युवराजला मालुबाईनं एकटीनंच ओढून आत घेतलं. लेक तिच्या मांडीवरच गेला. उजाडायच्या आत तिनं रक्तावर शेणाचा सडा घातला, अंगण एकसारखं केलं. सुतक होतं, म्हणून रांगोळी तेवढी घातली नाही.

तिसऱ्या दिवशी नगरसेवक आपली पोरं घेऊन आले. सगळे सडा तुडवत सरळ दारात आले. एकजण मात्र, न घातलेल्या रांगोळीला वळसा घालावा तसा, नेमकी युवराज पडला होता ती जागा टाळून आला.

"आक्का, कुणी मारलं? बिनघोर सांगा. आमी हाय की."

मालुबाईनं त्या पायांवरची नजर उचलली.

"न्हाय वो आण्णा. मी कुणालाच वळखलं न्हाय."