धोंडाबाईंच्या घराला पोपट

घराला कुलूप होतं.

नुसरतनं स्कूटी अंगणात लावली, हेल्मेट काढलं आणि कुलपाकडे पाहिलं. बुधवार, सकाळचे साडेदहा. मागच्या मोटारीतून संदेश उतरला. त्यानं आईला फोन लावला. फोन बंद दाराआड वाजत राहिला.

“हे असं आहे बघा, ताई,” तो म्हणाला. “फोन उचलत नाही, आणि माझा जीव टांगणीला लागतो. वडील गेल्यापासून या घरात एकटीच असते. निदान बोलायला पोपट तरी असू दे.”

नुसरतचं कुसगावात पाखरांचं दुकान. दुकान टीचभर, पण बाईचा नियम कामशेतपर्यंत ठाऊक. घर पाहिल्याशिवाय पाखरू द्यायचं नाही, आणि घर पाहायला जायचं ते न कळवता, कामाच्या वारी. शनिवार-रविवारी काय, सगळ्यांचीच घरं भरलेली असतात. तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्याला सोफ्याच्या रंगाशी जुळणारा आफ्रिकन पोपट हवा होता. सोमवारी तिथं फक्त वॉचमन दिसला, तेव्हा तिनं त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. लोक तिला शिष्ट म्हणायचे. म्हणोत. तिच्या दुकानातून गेलेलं एकही पाखरू झुरून मेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा तिला सार्थ अभिमान होता.

संदेशनंही आधी आफ्रिकनच मागितला होता. आपला हिरवा रानपोपट पाळायला कायद्यानंच बंदी आणि आफ्रिकन सांभाळणं म्हणजे दुसरं मूल वाढवणं, असं समजावून तिनं त्याला कॉकाटीलवर आणलं होतं. लहानसं, शीळ घालणारं, माणसाला लळा लावणारं पाखरू. एवढ्याशा घराला तेच बरं.

पण या वेळी गोष्ट नुसत्या पाखराची नव्हती. संदेशनं दुकानातच सांगून टाकलं होतं, “दिवाळीत आईनं शब्द दिलाय. एक तर घरात सोबतीला पोपट, नाही तर माझ्याकडे तळेगावला फ्लॅटवर. मी तिला भाजे गावात एकटी ठेवणार नाही.” म्हणजे नुसरत नाही म्हणाली, की म्हातारीचं गाव सुटणार. हे घर पास व्हावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

“धोंडाबाय इर्जिकीला गेलीया,” शेजारच्या ओट्यावरून अंबाजी आबांनी सांगितलं. “महिपतीच्या वावरात.”

दोघं बांधाबांधानं निघाले. भाताची कापणी ऐन भरात होती. इर्जिकीला मजुरी नसते. आज सगळा गाव एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, आणि ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. महिपतीच्या वावरात वीसएक माणसं ओळीनं कापत होती. सगळ्यांच्या पुढं, पदर खोचून, एकाहत्तर वर्षांच्या धोंडाबाई. मागं पडलेल्यांना त्या टोमणे मारत होत्या आणि टोमण्यासरशी ओळ पुढं सरकत होती.

संदेशनं आईला असं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याची छाती फुगली. ही माझी आई, असं नुसरतला सांगावंसं त्याला वाटलं, आणि त्यानं सांगितलंही.

“मावशी, मी पाखरंवाली,” नुसरत म्हणाली. “उद्या असाल का घरी?”

“उद्या हौशीरामाकडं. परवा माझ्या वावरात, तू बी ये जेवाया. मंग भाताची झोडणी.”

“आणि शनिवार-रविवार?”

“लेण्याच्या पायथ्याला शेंगा इकते की. पावनं लय येत्यात.”

“सोमवारी?”

“सोमवारी भजन आस्तंय. म्होरं मीच गाते.” धोंडाबाई हसल्या. “फोनबी ह्याचे येत्यात, पर फोन घरात आन माझ्या हातात इळा. कंदी उचलू?”

नुसरतला हसू आलं. खोटं बोलणं तिला सोपं होतं. पाखरू दिलं असतं, म्हातारी गावात राहिली असती. पण पिंजऱ्यातल्या जिवाला काय सांगायचं?

“संदेशभाऊ, या घरात पाखरू जमणार नाही,” ती म्हणाली. “दिवसभर कुलपाआड राहील. एकटं पडलं की ते स्वतःचीच पिसं उपटतं. मी देणार नाही. माफ करा, मावशी.”

संदेशचा चेहरा पडला. “मग ठरल्याप्रमाणे, आई. कापणी झाली की सामान बांध.”

कापणाऱ्या बायांचे हात थांबले. महिपती उभा राहिला. भजनाला पुढं गाणारी बाई गावातून जाणार, हे वावरात सगळ्यांना एकदमच कळलं. नुसरत खाली मान घालून उभी राहिली. आपल्या नियमाचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

धोंडाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

“पोरी, त्या पाखराला लागतं तरी काय?”

“फार नाही, मावशी. बंद, उबदार खोली. धूर नको, मांजर नको. आणि माणूस, दिवसभर घरात बसणारं. ज्याला स्वतःलाच कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, असं.”

धोंडाबाईंनी लेकाकडे पाहिलं. चांगला शिकला, मोठ्या हुद्द्यावर चढला, फ्लॅट घेतला. त्याचं कौतुक त्या गावभर सांगत. त्यांनी विळा कमरेला खोचला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मंग ह्याच्या घरी दे की. सून अनिता सकाळी सातला कामाव जाती ती रातीच्या आठाला येती, नात पायल हॉस्टेलात, आन ह्यो घरीच कॉम्प्युटरपुढं. दिसभर येकटं आसतंय ते माझं लेकरू.”