छातीवरची झेप

चांगुणानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा नुसताच चहाचा घोट घेतला.

समोर भीमराजकाका डोळे अर्धवट मिटून बसले होते. सावेडीतल्या त्यांच्या घराखालच्या कारखान्यात सहा मशिनी चालू होत्या आणि दुपारच्या तिरप्या उन्हात कापडाचे बारीक तंतू सावकाश तरंगत होते. तिथं बसलं की कुणालाही गुंगी यायची.

मिरजगावहून एसटीनं येताना पोरीनं सगळी वाक्यं घोकली होती. पण घोकलेलं ऐनवेळी आठवलं असतं तर मग काय हवं होतं!

अकरा वर्षांपूर्वी जामखेडला शाळांच्या स्पर्धेत ही फ्रॉक खोचून अनवाणी पळाली आणि भल्याभल्यांना मागं टाकलं. आठवड्यानं, ती शर्यत बघितलेले काका, ओळख ना पाळख, स्कूटरवरून तिच्या दारात हजर. पिशवीत स्वतः शिवलेला खेळाचा शर्ट, छातीवर त्यांच्या कारखान्याचं लेबल: झेप. तेव्हापासून दरवर्षी. नडगीचं हाड मोडून ती दोन वर्षं घरी पडून होती, पेपरवाले विसरले, सोयरे "आता लग्न उरका" म्हणायला लागले, तेव्हाही काकांचा नवा शर्ट आलाच. सोबत एवढीच चिठ्ठी, "पळशील तेव्हा घाल."

काकांचं एक स्वप्न होतं. ते सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. परदेशातलं मैदान, चांगुणा शेवटच्या वळणावर, आणि टीव्हीवर साऱ्या जगाला दिसणारी तिच्या छातीवरची झेप. ऐकता ऐकता चांगुणालाही ते मैदान दिसायला लागायचं. पावलं जमिनीला लागायचीच नाहीत. वाटायचं, काकांनी बोलतच राहावं.

आणि आता ते स्वप्न तिनंच मोडायचं होतं.

"काका," ती एकदाची बोलली, "मुंबईची खेळाच्या कपड्यांची कंपनी मला घेतीय. बूट, कोच, परदेशात सराव, समदं त्यांचं. पण अंगावर त्यांचंच नाव पायजे."

"मग सही केलीस?"

"न्हाई. तुमी न्हाई म्हणलात तर करायची न्हाई."

"येडी हायेस का? जग बोलावतंय आन् ही माझ्या तोंडाकडं बघत बसलीय!" काका हसले. "बिनघोर सही कर. आमचे शर्ट धाकट्या बहिणीला देऊन टाक."

इतकं सहज? चांगुणाला रडूच आलं. भांडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तरी बरं वाटलं असतं. अकरा वर्षांचं नातं, शिलाईचा दोरा कापावा तसं कापलं की हो!

ती उठली तशी काकांची बायको बनुबाई मापाची टेप घेऊन आल्या. "हात वर कर गं."

"आता कशाला, काकू?"

"सवय. दुसरं काय."

बनुबाईंनी मापं सांगितली, काकांनी ती वहीत उतरवली. नेहमी रिक्षापर्यंत सोडायला येणारे काका त्या दिवशी जागचे उठलेसुद्धा नाहीत.

चार दिवसांनी मुंबईत, खूप वरच्या मजल्यावरच्या थंडगार ऑफिसात चांगुणानं सही केली. काचेपलीकडं धुरकट समुद्र पसरला होता. आपण हे झोपेत तर करत नाही ना, असं तिला वाटत होतं.

"साहेब, एक इचारू?" ती कंपनीच्या साहेबांना म्हणाली. "वरून तुमचंच नाव राहू द्या. पण शर्टाच्या आतून, कुनाला दिसनार न्हाई असं, झेपचं लेबल लावलं तर चालंल?"

साहेब चकित झाले. "झेप? ते तर बंद झालं."

"बंद? कधी?"

"तुम्हाला माहीत नाही? त्यांच्या शिलाईसाठी दोन वर्षं आम्ही त्या गृहस्थांच्या मागे होतो. तुमचं लेबल बंद करा, कारखान्यात फक्त आमचा माल शिवा. ऐकायलाच तयार नव्हते. गेल्या महिन्यात आपणहून आले." साहेबांनी तिच्या सहीचा कागद फाईलला लावला. "म्हणाले, 'आजच बंद करतो. पण आधी आमच्या पोरीला घ्या.'"